पाचव्या मुलीचाही नंबर मोजा : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात एका हायस्कूलवर क्रीडाशिक्षक आहे. मागणं एकच आहे, ते आधी सांगतो. शालेय स्पर्धांत तालुका पातळीपासून, १४ आणि १७ वर्षांखालच्या मुलामुलींसाठी सांघिक क्रॉस कंट्री, म्हणजे माळावरची लांब पल्ल्याची शर्यत, सुरू करा. ती दिवाळीनंतर माळावर घ्या. निकाल एकट्या पहिल्या नंबरावर न लावता प्रत्येक शाळेच्या पहिल्या पाच जणांच्या नंबरांची बेरीज करून लावा.

आमच्या भागात पळणाऱ्यांची वानवा नाही. मोही गाव याच तालुक्यातलं. तिथल्या ललिता बाबर यांनी ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, २०१४ ला इंचॉनच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कांस्य मिळवलं, २०१५ ला वुहानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण. २०१६ ला रिओत प्राथमिक फेरी ९ मिनिटे १९.७६ सेकंदांत, राष्ट्रीय विक्रमासह संपवून त्या अंतिम फेरीत गेल्या आणि दहाव्या आल्या. १९८४ ला पी. टी. उषा धावल्या, त्यानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची ऑलिम्पिक अंतिम फेरी भारतानं पाहिली ती बत्तीस वर्षांनी, आणि ती आमच्या दुष्काळी तालुक्यातल्या लेकीमुळं.

आता याच तालुक्यातल्या एखाद्या हायस्कूलचं पटांगण डोळ्यांपुढं आणा. ४०० मीटरचा आठ लेनचा ट्रॅक बसवायला जवळपास चार एकर सपाट जागा लागते. आमच्याकडं ओढूनताणून २०० मीटरची फेरी बसते. वळणं एवढी आवळ की जोरात आलेलं पोर बाहेर फेकलं जातं. ३००० मीटरला पंधरा फेऱ्या होतात आणि सहाव्या-सातव्या फेरीपासून पुढची कोण, एक फेरी मागं पडलेली कोण, याचा मेळ लागत नाही. मोजणाऱ्याची चूक झाली की एखादी मुलगी चौदा फेऱ्यांत थांबते आणि दुसरी सोळा पळते. हे मी दोनदा पाहिलं आहे. सोळा फेऱ्या पळालेल्या मुलीला काय सांगावं, हे मला दोन्ही वेळा सुचलं नाही.

त्यात स्पर्धा येतात पावसाळ्यात. मोठं मैदान मिळालंच तर पहाटे सुतळी लावून फक्की मारायची, बाहेरची लेन लांब पडते म्हणून ४०० मीटरसाठी दुसऱ्या लेनची सुरुवात पहिलीच्या ७ मीटर ४ सेंटिमीटर पुढं काढायची, तिसरीची त्याच्याही पुढं ७ मीटर ६७, आणि दहा वाजता पावसाची सर येऊन सगळं पुसून जायचं. आमच्याकडं पाऊस मुळात कमी. जो येतो तो बराचसा परतीचा, नेमका स्पर्धेच्या तारखांवर. मग दिवस मावळायच्या आत सगळं उरकायचं. सकाळी ३००० पळालेलं पोर दुपारी १५०० ला उभं राहतं, मध्ये पोटात वडापावाशिवाय काही नसतं.

पण मैदानापेक्षा मोठी अडचण निकालाच्या पद्धतीत आहे. पुढच्या पातळीवर जातात पहिले मोजके. म्हणून शाळेला लागतात दोन चांगले धावणारे. जूनमध्ये सगळ्या पोरांना एकदा पळवायचं, दोघं निवडायचे आणि ऑक्टोबरपर्यंत त्या दोघांच्या मागं घड्याळ घेऊन उभं राहायचं. बाकीची पोरं कबड्डीला नाहीतर घरी. मी आठ वर्षं हेच केलं. आमची दोन मुलं विभागापर्यंत गेली, शाळेत फोटो लागले, माझा सत्कारही झाला. त्या आठ वर्षांत आणखी कोण पळू शकलं असतं, ते मी पाहिलंच नाही.

क्रॉस कंट्रीचा हिशोब वेगळा आहे. अमेरिकेतल्या हायस्कुलांत ती शरद ऋतूत चालते आणि ट्रॅकच्या शर्यती वसंतात. साधारण पाच किलोमीटर, गवतावरून, टेकाडावरून. एका संघात सात धावतात, पहिल्या पाचांचे नंबर मोजतात, बेरीज ज्याची कमी तो संघ जिंकतो. पाचही पोरं सगळ्यांच्या पुढं आली तर बेरीज पंधरा, त्याखाली कुणाला जाताच येत नाही. सहावा आणि सातवा मोजत नाहीत, पण ते दुसऱ्या शाळेच्या पाचव्याच्या पुढं आले की त्याचा नंबर मागं सरकतो. बरोबरी झाली तर सहाव्याकडं बघतात. म्हणजे सातही जणांना शेवटपर्यंत पळण्याचं कारण असतं. बहुतेक शाळा या संघातून कुणाला काढत नाहीत. येईल त्याला सरावाला घेतात, कारण सप्टेंबरात मागं राहणारं पोर नोव्हेंबरात पाचवं होऊ शकतं. धाप लागणं कमी व्हायला आणि पाय मुरायला महिने जातात. एका दिवसाच्या निवडीत ते दिसत नाही.

गेल्या डिसेंबरात आम्ही पाच शाळांच्या शिक्षकांनी एका रविवारी हे करून पाहिलं. मुलींची शर्यत, तीन किलोमीटर, पस्तीस जणी. गावाबाहेरचा मुरमाड माळ घेतला. आदल्या दिवशी पोरांनी सराटे आणि बाभळीचे काटे वेचले, वळणांवर काठ्या रोवून फडकी बांधली. उतारावर पाणलोटाचे समतल चर आहेत. ते टाळायचे की ठेवायचे यावर आम्हा शिक्षकांत वाद झाला. शेवटी उथळ होते ते दोन ठेवले. खर्च झाला तो फक्कीचं एक पोतं, कापडी नंबर आणि शर्यतीनंतरचं हुलग्याचं माडगं, एवढाच. गावच्या दवाखान्यातल्या परिचारिका स्वतःहून येऊन थांबल्या.

एका शाळेच्या मुली पहिल्या आणि दुसऱ्या आल्या. दोघी तयारीच्या, जिल्ह्याला जाऊन आलेल्या. पण त्यांच्या पुढच्या तिघी आल्या नवव्या, चौदाव्या आणि एकतिसाव्या. बेरीज ५७. आमच्या मुली चौथी, सहावी, आठवी, दहावी आणि बारावी. बेरीज ४०. तालुक्याच्या ट्रॅकवर आमच्यातल्या एकीलाही कुणी विचारलं नसतं, आणि इथं ढाल त्यांना मिळाली.

ती बाराव्या नंबरावर आलेली मुलगी मेंढपाळाच्या घरातली. दिवाळीनंतर आईवडील मेंढरं घेऊन बाहेर पडतात आणि ती आजीजवळ राहते. वस्तीवरून शाळा चार किलोमीटर, वडाप (प्रवासी जीप) मिळालं तर मिळालं. जूनच्या निवडीत तिला मी कधीच घेतलं नव्हतं, कारण पहिल्या शंभर मीटरला ती सगळ्यांच्या मागं असते. त्या दिवशी शेवटच्या चढाला ती चौदावी होती. आधी पोहोचलेल्या आमच्या चौघी परत मागं पळत आल्या आणि कडेनं ओरडायला लागल्या, ‘अगं, दोघींना गाठ, दोघींना!’ तिनं दोघींना गाठलं. पोहोचल्यावर तिनं पहिली गोष्ट विचारली, ती बेरीज किती झाली.

त्या दुसऱ्या शाळेचे सर आधी नाराज झाले. पहिल्या दोन्ही मुली आपल्या असून संघ हरतो, हे त्यांना पटेना. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला, की आता रोज सकाळी बावीस मुली सरावाला येतात आणि त्यांना कसं पळवायचं. मी एवढंच सांगितलं, की पहिला महिना शेजारणीशी बोलता येईल इतक्याच वेगानं पळवा, घड्याळ घरी ठेवा.

मोठ्या गटाच्या यादीत क्रॉस कंट्री आहेच, असं कुणी आपल्याला सांगेल. मी पाहिलेली ती शर्यत एकेकट्यानं पळायची होती, आणि डांबरी रस्त्यावर. एका बाजूनं ट्रक, दुसऱ्या बाजूनं उसाच्या ट्रॉल्या, मध्ये चेस्ट नंबर लावलेली मुलं. माळ दोनशे मीटरवर होता. डांबरानं कोवळ्या नडग्या दुखावतात आणि वाहनांमुळं जीव धोक्यात येतो. शिवाय त्या वयापर्यंत आमच्या मुलींपैकी कितीतरी शाळेबाहेर गेलेल्या असतात, काहींची लग्नं झालेली असतात. म्हणून मी १४ आणि १७ वर्षांचे गट मागतो आहे. अंतरं बेताची ठेवा. लहान गटाला दोन किलोमीटर पुष्कळ झालं.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे लहानपणी शाळेला सहा किलोमीटर चालत-पळत जायचे. त्यांना क्रॉस कंट्री भेटली ती बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेल्यावर. तिथून ते स्टीपलचेसकडं वळले. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य आणि २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी, हा पुढचा प्रवास आपल्याला माहीत आहे. त्यांच्या वर्गात तसे आणखी कोण होते, ते सैन्यात न गेल्यामुळं कळायचं राहिलं. स्टीपलचेस म्हणजे तरी काय, अठ्ठावीस अडथळे आणि पाण्यावरच्या सात उड्या. शिवारातल्या ताली आणि ओढे ओलांडत धावण्याचाच तो ट्रॅकवर आणलेला प्रकार आहे. ते शिवार आमच्याकडं फुकट आहे.

आमच्याकडची बहुतेक मुलं ऑलिम्पिकसाठी पळत नाहीत, हेही मला माहीत आहे. ती भरतीसाठी पळतात. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत; फौज आणि पोलीस इथं घराघरात आहेत. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. त्याची तयारी पोरं विसाव्या वर्षी सुरू करतात, पहाटे अंधारात, महामार्गाच्या कडेला, आणि तीन महिन्यांत नडगी धरून बसतात. तेराव्या वर्षापासून माळावर हळूहळू पळत आलेल्या पोराला हे सोसावं लागणार नाही.

दोन गोष्टी सोबत हव्यात. संघातल्या सातही जणांना सांघिक खेळाचं प्रमाणपत्र मिळावं आणि दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी ते कबड्डी-खोखोच्या संघासारखंच धरावं. नाहीतर पालक सहाव्या-सातव्या मुलीला सोडणार नाहीत. दुसरं, जिथं क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी आहे तिथं ती भरा. शारीरिक शिक्षणाचा तास गणिताच्या जादा तासाला देऊन टाकणाऱ्या शाळेत कुठलीच शर्यत उभी राहणार नाही.

नवं मैदान, सिंथेटिक ट्रॅक, यांतलं काहीही मी या पत्रात मागत नाही. मागतो आहे ते एक परिपत्रक. वर्षाचं वेळापत्रक शाळा उघडल्या की ठरायला लागतं, म्हणून निर्णय त्याआधी व्हावा ही विनंती. आमच्या सात जणींपैकी तिघी येत्या जूनमध्ये दहावीत जातील. बाराव्या नंबरावर आलेली ती मुलगी त्यातलीच एक आहे.

आपला विश्वासू,
एक क्रीडाशिक्षक
ता. माण, जि. सातारा