सिएटलहून आई-अण्णांना

ती. आई आणि ती. अण्णा,
साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. हे आधी लिहिते, कारण पत्र उघडल्यावर आई तेच शोधणार. जेवण वेळेवर होतं, खोकला गेला, स्वेटर घालते. शेंगाचटणी पुरवून खातेय, कडक भाकऱ्या मात्र संपल्या. बाकीचं फोनवर कळतंच तुम्हाला. तरी पत्र अशासाठी की, अण्णांना काही सविस्तर सांगायला गेलं की ते "बरं, बरं, आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकतात. कागदावरचं मात्र शेवटपर्यंत वाचतात.

मी त्या चित्राचा फोटो पाठवला तेव्हा आई, तू म्हणालीस, "लोकांच्या दारातलं फुकटचं कशाला उचलतेस? पगार पुरत नाही का?" पगार पुरतो गं. नीट सांगते, ऐक.

आमच्या रस्त्यावर एका घराच्या कुंपणाला लागून खांबावर लाकडी पेटी बसवलीय. दीड-दोन फूट रुंद, पुढे काचेचं दार, कुलूप नाही. आतल्या भिंती पांढऱ्या रंगवलेल्या आणि त्यांवर एवढीएवढीशी चित्रं टांगलेली. काही चित्रं बोटभर स्टँडवर उभी. खाली प्लास्टिकची इवलीशी माणसं ठेवलीत, कुणी बाकावर बसून, कुणी मान वर करून चित्र बघतंय. आवडलं तर न्यायचं, स्वतः केलेलं काही असेल तर ठेवायचं, नाहीतर नुसतं बघून पुढे जायचं. पैसे नाहीत आणि विचारायलाही कुणी उभं नसतं. जलरंगातली चित्रं असतात, भरतकामाचे तुकडे असतात, मातीचे पक्षी असतात. लहान मुलांनी केलेलंही मोठ्यांच्या शेजारीच लागतं, हे मला फार आवडतं.

कुणी सगळंच उचलून नेलं तर, असं अण्णा विचारणार. मीही घरमालकिणीला हेच विचारलं. ती म्हणाली, "नेलं तर भिंतीवरच लावतील ना." आई, संक्रांतीला तू वाण लुटतेस, तेव्हा कुणी काय नेलं ते लिहून ठेवतेस का? तसंच हे. फक्त इथे देणारी आणि घेणारी एकमेकींना बघतही नाहीत.

ही पद्धत मुळात पुस्तकांची. विस्कॉन्सिन राज्यातल्या हडसन गावात टॉड बोल नावाच्या गृहस्थांनी २००९ साली आपल्या शिक्षिका आईच्या आठवणीसाठी शाळेच्या आकाराची छोटी पेटी केली, पुस्तकं भरून घरापुढे उभी केली. तशा पेट्या आता जगभर आहेत. चित्रांची पेटी इथल्याच एका चित्रकर्तीने २०२० च्या डिसेंबरात क्वीन ॲन भागात आपल्या घराबाहेर लावली. कोरोनाचे दिवस, संग्रहालयं बंद. मग ठिकठिकाणी लोकांनी तशा पेट्या केल्या. आमच्या रस्त्यावरची त्यांतलीच एक.

अंधारात हिंडू नकोस म्हणतेस, तर मी हिंडत नाही. आता इथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी दुपारीच जाते. त्या पेटीपाशी उभं राहून शेजारच्या बायकांशी ओळख झाली. गेल्या हिवाळ्यात बोलायला फारसं कुणी नव्हतं. तेव्हा सांगितलं नाही, तुम्हाला झोप लागली नसती. आता तसं नाही, म्हणून सांगतेय. सोलापूर कुठे म्हणून त्या विचारतात, तर मी सांगते, एम. एफ. हुसेन १९१५ साली ज्या पंढरपुरात जन्मले, ते आमच्या जिल्ह्यात.

आणि मी पेटीत काय ठेवलं, ते राहिलंच. अण्णा, तुमचा चादरीवरचा मोर. तुम्ही बरोबर दिलेली चादर अंथरली आणि चौकोन मोजत मोजत ग्राफ कागदावर उतरवला. एक चौकोन इकडचा तिकडे झाला की मोराची मान मोडते. तुम्ही असे हजारो चौकोन भरायचात. मग एकेका ओळीचं कार्ड पंच व्हायचं, आणि मागावर कार्डाला जिथे भोक तिथे ताण्याचा उभा धागा उचलला जायचा. शाळेतून येताना कारखान्यात डोकावायची तेव्हा मला फक्त खडखडाट ऐकू यायचा. आता कळतंय तुम्ही काय करत होतात ते. चादर उलटली की रंग उलटतात ना, म्हणून मी दोन कागद केले, लाल जमिनीवर काळा मोर आणि काळ्या जमिनीवर लाल. पुढच्या रविवारी दोन्ही गेलेले होते.

किती मिळाले, असं नका विचारू. तुमची नक्षी रुखवतात गेली, रेल्वेच्या बाकांवर गेली, बाळंतिणींच्या खाटांवर गेली. एकाही चादरीवर तुमचं नाव नव्हतं, आणि तुम्ही कधी त्याबद्दल बोलला नाहीत. त्यामुळे ही पेटी माझ्या ऑफिसातल्या लोकांपेक्षा तुम्हालाच जास्त कळेल. कारखान्यात कॉम्प्युटर आल्यापासून तुम्ही पेन्सिल ठेवून दिलीत. आता माझ्यासाठी हातात घ्या. पोस्टकार्डाएवढे ग्राफ काढा, जमतील तेवढे. कमळ, कोयरी, काहीही. भैया स्पीड पोस्टने पाठवील. इथल्या घरांत तुमच्या हातचं काही असावं, असं मला मनापासून वाटतं.

आता घरचं. भैयाच्या लग्नाची तारीख माझ्यासाठी अडवू नका. थोरली बसलीय आणि धाकट्याचं उरकतायत, असं आत्या म्हणते, तर म्हणू दे. कार्यालयाचा ॲडव्हान्स एक तारखेला पाठवते. स्लॅबचे पैसे त्याला लावू नका, ते तसेच राहू देत. कर्जाचे हप्ते वेळेवर जातायत. पुण्याच्या मुलाशी बोलले. माणूस चांगला आहे, पण त्याला मी परत कधी येणार ते हवंय, आणि ते मला आज सांगता येत नाही. त्यांना ताटकळत ठेवू नका, चांगल्या शब्दांत नाही कळवा. आई, रागावू नकोस. लग्नच करायचं नाही, असं मी म्हटलेलं नाही.

सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला, येणं होत नाही. संमती कट्ट्यापाशी अक्षतांच्या गर्दीत अण्णांनी एकटं जाऊ नये, भैयाला बरोबर घ्यावं. माझ्या वाटच्या अक्षता आईने टाकाव्यात. वैशाखात मात्र येते. रजेचा अर्ज दिलाय, मंजुरी यायचीय. पत्रिकेत माझं नाव आताच घालून ठेवा.

तुमची लेक

ता. क. : ग्राफला बसण्याआधी अण्णांच्या चष्म्याचा नंबर तपासून घ्या. त्याचे पैसेही एक तारखेच्या रकमेत घालतेय, त्यातून दुसरं काही आणू नका.