विषय : आपल्या घडीच्या चाकूचे लॉक सुटून झालेली दुखापत आणि चौथ्या फोननंतरही न मिळालेले उत्तर

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक यांस,

आज दि. 6 ऑगस्ट 2025 रोजी सकाळी सव्वाअकरा वाजता आपल्या ग्राहक सेवा विभागाशी माझे चौथे संभाषण झाले आणि ते संपल्या संपल्या मी हे पत्र लिहायला बसले आहे. आधीच्या तीन फोनांत मला जे ऐकवण्यात आले ते मी गैरसमज म्हणून सोडून दिले होते. आजचे मी सोडून देणार नाही.

मी सावंतवाडी तालुक्यात काजू आणि आंब्याच्या कलमांची रोपवाटिका चालवते. दि. 14 जून रोजी आपल्या संकेतस्थळावरून मी सव्वातीन इंची पात्याचे, लायनर लॉकचे (म्हणजे उघडलेले पाते आतल्या पत्र्याने अडवून धरणारे) दोन चाकू प्रत्येकी 1,349 रुपयांना, म्हणजे एकूण 2,698 रुपयांना मागवले. एक माझ्यासाठी आणि दुसरा माझ्याकडे गेली सहा वर्षे काम करणाऱ्या कामगार ताईंसाठी. चाकू कोणता हे आपल्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. या किमतीत लायनर लॉकचा आपला एकच चाकू आहे आणि त्याच्या माहितीत पहिल्याच ओळीत ‘रोजच्या कामासाठी मजबूत लॉक’ असे आपण ठळक अक्षरांत छापले आहे. दि. 8 जुलै रोजी त्याच लॉकने दगा दिला, पाते माझ्या मुठीवर मिटले आणि उजव्या तर्जनीला चार टाके पडले.

हा चाकू मी घाईने घेतलेला नव्हता. कलम बांधण्यासाठी आम्ही जो चाकू वापरतो तो वेगळा, सरळ आणि पातळ पात्याचा असतो आणि त्याला कोणी दुसरे काम लावत नाही, कारण त्याची धार गेली की काडीचा, म्हणजे जोडायच्या फांदीच्या तुकड्याचा, काप ओबडधोबड होतो आणि कलम जुळत नाही. दोऱ्या कापणे, ठिबकच्या नळ्या कापणे, खताची पोती फोडणे, पिशव्यांची बंडले सोडवणे या कामांना दुसरा चाकू लागतो, तो खिशात राहावा म्हणून घडीचा लागतो आणि ओल्या हातांनी वापरायचा म्हणून त्याला लॉक लागते. दीड हजारांच्या वर जायचे नाही असे मी ठरवले होते. एवढ्या पैशांत उत्तम पोलाद मिळणार नाही, धार आठवड्याला लावावी लागेल, मूठ प्लास्टिकची असेल, हे सगळे मला मान्य होते. धार गेली तर दगडावर पाच मिनिटांत परत येते, पण लॉक सुटले तर बोट जाते. कमी पैशांत चाकू घेणाऱ्या माणसाने इतर सगळीकडे तडजोड करावी, लॉकवर करू नये, एवढा एकच विचार मनाशी धरून मी पंधरा दिवस चाकू पाहत होते.

त्या पंधरा दिवसांत मी लॉकांचे प्रकार समजून घेतले. पाठीकडून खटक्याने अडणारे बॅक लॉक पाहिले, जे अमेरिकेतील बक कंपनीच्या 110 क्रमांकाच्या चाकूमुळे साठच्या दशकापासून सर्वत्र रूढ झाले. फ्रान्समधील ओपिनेल कंपनीने 1955 मध्ये आणलेले फिरत्या कड्याचे लॉक पाहिले. त्यात पात्याच्या बुडाशी असलेले पोलादी कडे हाताने फिरवले की पाते मिटूच शकत नाही. ते मला मनापासून आवडले होते, परंतु त्याची मूठ लाकडी असते आणि आमच्या पावसात लाकूड फुगून पाते उघडताना अडेल, म्हणून मी ते नाइलाजाने बाजूला ठेवले. आपल्या चाकूत आतल्या बाजूला पोलादाचा पत्रा आहे, पाते उघडले की तो पत्रा वाकून पात्याच्या बुडामागे येऊन बसतो आणि पात्याला मागे येऊ देत नाही. रचना साधी आहे, एका हाताने मिटवता येते आणि पत्रा बरोबर बसला तर भक्कमही असते. आपण छापलेल्या चित्रात तो पत्रा बुडाच्या बरोबर मध्यावर आलेला दिसत होता. मी त्या चित्रावर विश्वास ठेवला.

आता 8 जुलैची हकीकत सांगते. आदल्या रात्रीच्या वाऱ्याने शेडनेटचा एक कोपरा फाटून लोंबत होता आणि नवे बांधण्याआधी जुन्या नायलॉनच्या दोऱ्या कापायच्या होत्या. या दोऱ्या शेडच्या लोखंडी पाइपला घट्ट आवळलेल्या असतात. तीन दोऱ्या कापून झाल्या. चौथ्या दोरीखाली मी पाते सरकवले, धार दोरीकडे आणि पाठ पाइपकडे, जशी कोणीही धरील तशी. फट अरुंद असल्यामुळे पात्याची पाठ पाइपवर किंचित दाबली गेली. मी चाकू आपटला नाही, त्याने काही उचकटले नाही, त्यावर ठोकले नाही. बारीक ‘टक’ असा आवाज आला, आतला पत्रा बुडावरून बाजूला सटकला आणि पाते मिटत थेट बोटावर आले. पावसाचे पाणी पाइपवरून गळत होते, त्यामुळे पहिले काही क्षण रक्त आहे की पाणी हेच मला कळले नाही. ताईंनी स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडून बोट बांधले. प्राथमिक आरोग्य केंद्रात चार टाके आणि धनुर्वाताचे इंजेक्शन झाले, आणि ऐन कोय कलमांच्या हंगामात, जेव्हा एकेक उघडीपीचा दिवस मोलाचा असतो, तेव्हा मी अठरा दिवस उजव्या हाताने काडी तासू शकले नाही. कलम बांधणाऱ्या माणसाची तर्जनी म्हणजे काय, हे मी आपल्याला कसे समजावून सांगावे?

बोटाची पट्टी सुटल्यावर मी दोन्ही चाकू शेजारी ठेवून नीट तपासले. माझ्या चाकूत पत्रा पात्याच्या बुडाच्या केवळ कडेला, जेमतेम टेकलेला आहे. ताईंच्या चाकूत, त्याच दिवशी, त्याच खोक्यातून आलेल्या चाकूत, तो बुडाच्या निम्म्यापर्यंत आत बसतो. खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात त्याच्या खोडाची, जाडी मोजायला आमच्याकडे व्हर्नियर असतो, त्याने मी दोन्ही पत्रे मोजले, दोन्ही 1.2 मिलिमीटर भरले. म्हणजे पत्र्याची जाडी कमी नाही, बसवणूक चुकलेली आहे. त्यानंतर मी दोन्ही पात्यांच्या बुडावर मार्करची काळी शाई लावली आणि प्रत्येक चाकू वीस वेळा उघडून मिटवला. ताईंच्या चाकूवरील शाई एका रुंद पट्ट्यात पुसली गेली. माझ्या चाकूवर फक्त कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका पुसला गेला. पात्याची सगळी पकड त्या दाण्याएवढ्या जागेवर होती. आपल्या कारखान्यात हा चाकू पिशवीत भरण्याआधी कोणी एकदा उघडून उजेडात धरला असता, तर ही गोष्ट त्याला डोळ्यांनी दिसली असती.

पात्यावरचा काळा मुलामा मात्र दोन्ही चाकूंवर निर्दोष आहे, पट्ट्याला अडकवण्याची पिशवी दुहेरी शिवणीची आहे आणि खोक्यावर चंदेरी अक्षरे आहेत. याचेच मला सर्वांत जास्त वाईट वाटते. ज्या गोष्टींवर पैसे वाचवले असते तरी माझी तक्रार नव्हती त्या आपण नीट केल्या, आणि ज्या एका गोष्टीसाठी मी हा चाकू घेतला, ती तपासलीही नाही.

आपल्या विभागाशी पहिला फोन 12 जुलैला झाला. “पिव्होटचा स्क्रू आपण सैल केला असेल,” असे सांगण्यात आले. त्या स्क्रूवर, म्हणजे पाते ज्याभोवती फिरते त्या स्क्रूवर, कारखान्यात लावलेला निळा गोंद आजही जसाच्या तसा आहे. त्याची छायाचित्रे मी त्याच दिवशी पाठवली. दुसऱ्या फोनवर छायाचित्रे मिळाली नाहीत असे कळले, म्हणून ती पुन्हा पाठवली. तिसऱ्या फोनवर ‘वरिष्ठ’ दोन दिवसांत संपर्क साधतील असे वचन मिळाले. नऊ दिवस कोणी संपर्क साधला नाही.

आजचे संभाषण मी जसे झाले तसे लिहीत आहे, कारण ते आपल्या कानांपर्यंत पोहोचलेच पाहिजे.

मी तक्रार क्रमांक सांगून सगळी हकीकत चौथ्यांदा सांगितली. पलीकडच्या गृहस्थांनी मध्येच विचारले, “मॅडम, चाकू नक्की कोण वापरत होते?” मी म्हटले, मीच. ते थोडे थांबले आणि म्हणाले, “घरात कोणी जेंट्स असतील तर त्यांच्याकडे फोन देता का? टेक्निकल विषय आहे.” मी त्यांना सांगितले की रोपवाटिका माझी आहे, चाकू माझा आहे, बोट माझे आहे आणि पत्रा कुठे टेकतो व कुठे टेकायला हवा हे मी त्यांना आत्ता फोनवरच सांगू शकते. त्यावर ते म्हणाले, “पण मॅडम, आपल्याला चाकू लागतोच कशाला?” हा प्रश्न चाकू विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने, चाकूचे पैसे भरलेल्या ग्राहकाला विचारला. मी दोऱ्यांचे सांगितले, नळ्यांचे सांगितले. मग ते म्हणाले, “हा फळे कापायचा चाकू आहे. लॉक फक्त आधाराला असते, त्यावर भरवसा ठेवायचा नसतो.” मी विचारले, हे वाक्य आपण मला लेखी द्याल का? त्यांनी मला थांबायला सांगितले. मी अकरा मिनिटे थांबले. फोनवर आपल्या कंपनीची धून वाजत होती आणि मी डाव्या हातात फोन धरून उभी होते, कारण उजव्या बोटाला अजून गार हवा लागली तरी झिणझिण्या येतात. परत आल्यावर त्यांनी सांगितले की चाकू ही शस्त्र प्रकारातील वस्तू असल्यामुळे कायद्याने परत घेता येत नाही, आणि “आपले समाधान झाले आहे असे समजून तक्रार बंद करतो.” मी नाही म्हणेपर्यंत फोन बंद झाला. दोन मिनिटांत मोबाइलवर संदेश आला की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, कृपया सेवेला एक ते पाच तारे द्या.

घरातल्या पुरुषाला फोन द्या, हे मला बोटाच्या जखमेपेक्षा जास्त लागले. आमच्या भागातील रोपवाटिकांत कलमे बांधणाऱ्यांत निम्म्याहून अधिक बायका आहेत आणि त्यांच्या हातातला चाकू हा त्यांच्या पोटापाण्याचा आहे. त्यांना चाकू लागतो कशाला, असे विचारणारी कंपनी त्यांना तो विकते कशाला?

शस्त्राच्या कारणाविषयी एवढेच सांगते, की शस्त्र नियम, 2016 मध्ये नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा विचार आहे आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक व औद्योगिक कामांसाठी बनवलेली हत्यारे वगळलेली आहेत. आपला चाकू सव्वातीन इंचांचा आहे. वस्तू परत न घेण्यासाठी आपल्या माणसाने कायद्याचे खोटे नाव पुढे केले, हे मी लेखी नोंदवत आहे.

मला लागू असलेला कायदा वेगळा आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 84 नुसार उत्पादनात निर्मितीदोष असेल किंवा ते दिलेल्या हमीप्रमाणे नसेल, तर त्यामुळे झालेल्या हानीस उत्पादक जबाबदार असतो. ‘मजबूत लॉक’ ही हमी आपण स्वतः छापली आहे आणि लॉकवर भरवसा ठेवायचा नसतो हे आपल्या माणसाने स्वतः सांगितले आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे होते. 12 जुलैची ती मुदत येत्या आठवड्यात संपते.

माझ्या मागण्या अशा आहेत. दोन्ही चाकूंचे 2,698 रुपये आणि उपचारांचा व प्रवासाचा खर्च मला परत मिळावा. लॉक चुकीचे बसल्याचे तज्ज्ञाकडून तपासून त्याचा अहवाल मला लेखी द्यावा. याच खेपेतले चाकू ज्यांनी घेतले त्यांना आपण कळवावे की पत्रा कुठवर बसतो ते पाहा आणि तो कडेलाच टेकत असेल तर चाकू वापरू नका. ही मागणी मी पैशांच्याही वर ठेवते, कारण माझे चार टाके भरून आले, दुसऱ्याचे बोट पुरते जाऊ शकते. आणि आज माझ्याशी झालेल्या बोलण्याबद्दल कंपनीने, त्या गृहस्थांनी नव्हे, कंपनीने माझी लेखी माफी मागावी.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवून सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगापुढे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथे दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी मला कामाचे दिवस मोडावे लागले तरी मी ते मोडीन.

चाकू तपासणीसाठी पाठवा असे आपण सांगाल, म्हणून आधीच लिहिते : माझा चाकू, पात्याच्या बुडावरील शाईच्या ठिपक्यासह, मी कापडात गुंडाळून कपाटात ठेवला आहे. आपला माणूस इथे येऊन, माझ्यासमोर आणि ताईंच्यासमोर तो उघडून पाहू शकतो. पोच लेखी मिळाल्याशिवाय तो माझ्या घरातून बाहेर जाणार नाही.

कळावे,

एक रोपवाटिकाधारक ग्राहक,
ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग

सोबत : खरेदीची पावती, लॉकची व स्क्रूची छायाचित्रे, आरोग्य केंद्राचा कागद, आजच्या संदेशाची प्रत.