सी विंगच्या काकांना, आमच्या गाडीच्या थरथरीबद्दल

काका,

समोर येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं बरं, कळलं" म्हणून दार लावून घेता, पेढ्यांचा बॉक्सही परत पाठवलात (शुगर आहे हे नंतर कळलं, सॉरी), म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. इथे दार नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, गेलं दीड वर्ष आमची गाडी जोरात ब्रेक मारला की थरथरायची, आणि सगळ्यात जास्त कुठे तर साताऱ्याकडून पुण्यात येताना नवीन कात्रज बोगदा संपला की नवले पुलाकडे जो उतार लागतो तिथे. पुढचा ट्रक स्लो झाला म्हणून ऐंशीवरून ब्रेक दाबला की स्टिअरिंग असं धडधडायचं की आई मागून "थांबव, थांबव" करायची, आता तो उतार काय थांबायची जागा आहे का. गॅरेजमध्ये (नाव घेत नाही) म्हणाले ब्रेकच्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकत्या, ब्रेकचे पॅड त्यांना दोन्हीकडून आवळतात) बेंड झाल्यात, नव्या टाकल्या, पाच-सहा हजार किमी मस्त चालली आणि परत तेच. परत डिस्क, परत पाच-सहा हजार. मधल्यामध्ये तीनदा व्हील बॅलन्सिंग. आणि जाताजाता तिथल्याने सोडून दिलं, "घरात कोणीतरी ब्रेकवर पाय ठेवून चालवतंय साहेब, डिस्क तापून वाकतात." आमच्याकडे माझ्याशिवाय गाडी फक्त बाबा चालवतात. मी ते वाक्य जसंच्या तसं घरी आणून त्यांना ऐकवलं. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून चावीला हात लावला नाही.

तुम्ही पार्किंगमध्ये भेटलात तेव्हा मी तिसऱ्यांदा डिस्क घ्यायच्या बेतात होतो, नाना पेठेत भावसुद्धा काढून आलो होतो. तुम्ही विचारलंत, ब्रेक न दाबता नव्वदला थरथरते का? नाही म्हटलं. "मग बॅलन्सिंगवर पैसे कशाला उधळलेस?" हलतं काय, स्टिअरिंग की सीट? स्टिअरिंग. म्हणजे पुढची चाकं. मागच्या चाकांचे ब्रेक, म्हणजे ड्रम, तपासायला रिकाम्या रस्त्यावर चाळीसला, बटण दाबून धरून हँडब्रेक हळूच ओढायला लावलात, गाडी गुपचूप स्लो झाली, ड्रम सुटले. आणि मग म्हणालात, नवी डिस्क पहिल्या दिवशी चांगली आणि पाच हजारांनी खराब होत असेल तर डिस्क काय बघतोस, ती बसते कुठे ते बघ. दीड वर्षात हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, माझ्यासकट.

रविवारी तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेला डायल गेज (बारीक डगमग मोजायचं काट्याचं यंत्र) घेऊन खाली आलात. चाक काढल्यावर नट परत डिस्कवर आवळलेत, नाहीतर रीडिंग खोटं येतं म्हणे, आणि डिस्क हाताने फिरवली तर डावीकडे काटा चौदा घरं हलला, म्हणजे डिस्कची डगमग 140 मायक्रॉन (0.14 मिमी). बऱ्याच गाड्यांना हे 50 ते 100 च्या आत लागतं. डिस्क काढली तर मागे हबच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) तोंडावर गंजाचा जाड पापुद्रा! दोनदा डिस्क बदलल्या, पण तो कोणी खरवडलाच नाही, त्याच्यावरच नवी डिस्क चढवली, त्यामुळे ती पहिल्या दिवसापासूनच किंचित वाकडी बसलेली.

मग इतके दिवस छान का चालायची, तर तुम्ही चहाच्या बशीवर बोट फिरवत सांगितलंत ते मी आता सगळ्यांना सांगत सुटलोय. वाकडी डिस्क ब्रेक न दाबताही दर फेरीला त्याच जागी पॅडला घासते. हजारो किमी घासून तिथे ती पातळ होते. मग ब्रेक दाबला की पॅडखालून जाड भाग, पातळ भाग, जाड भाग जातो, ब्रेकची पकड कमीजास्त होते आणि तो धक्का स्टिअरिंगला येतो. मायक्रोमीटरने आठ ठिकाणी मोजलंत तर जाडीत फरक फक्त 25 मायक्रॉन. केसापेक्षा बारीक, आणि तेवढ्यावर टनभराची गाडी थरथरत होती!

वायर ब्रशने हब घासायचं काम मला दिलंत आणि तीनदा नापास केलंत. पॅड धरून दाबणाऱ्या कॅलिपरची एक पिन जाम होती, तिला साफ करून ग्रीस. डिस्क कडेला कोरलेल्या मिनिमम जाडीपेक्षा अजून भरपूर होत्या, म्हणून फेकू दिल्या नाहीत, लेथवर हलका हात मारून आणल्या. नवीन पॅड. परत लावून डगमग मोजली तर 30 मायक्रॉन. आणि नट गनने नाही, टॉर्क रेंचने (किती जोर लावायचा ते ठरवून आवळणारा पाना), समोरासमोरचे, दोन टप्प्यांत. (टायरवाल्याकडे गन बघून आता माझ्याच पोटात गोळा येतो.)

मग पहाटे साडेपाचला पानशेत रस्त्याला तुम्ही माकडटोपी घालून शेजारी बसलात, साठवरून पंधरापर्यंत ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, असं आठ-दहा वेळा, आणि नंतर बराच वेळ ब्रेक न लावता थंड करत आणली. पॅड बसतात म्हणे याने. मला फक्त भूक लागली होती.

पण काका, खरे आभार वेगळ्याच गोष्टीचे आहेत. परत आल्यावर तुम्ही लिफ्ट बंद असताना तीन मजले चढून आमच्याकडे आलात आणि बाबांना म्हणालात, "तुमच्या पायाचा काही दोष नव्हता हो, हब गंजला होता." एवढं बोलून पाणीही न पिता गेलात. ते मीच बोलायला पाहिजे होतं.

गेल्या रविवारी बाबांनी साताऱ्याहून गाडी आणली. नवले पुलाच्या उतारावर समोर टेम्पो आला, त्यांनी ब्रेक दाबला, स्टिअरिंगवर दोनच बोटं ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो.

शंभर किमीनंतर नट परत तपास असं बजावलं होतंत, अडीचशे झालेत, ओरडू नका. रेंच तुमच्याकडेच आहे, संध्याकाळी न्यायला बाबा येतायत. बिनसाखरेचा चहा आई थर्मासमध्ये देतेय, तेवढा तरी परत पाठवू नका.

तुमचा,
ए विंगमधला, बॅलन्सिंगवर पैसे उधळणारा