लंडन ते बर्लिन

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री बर्लिनहून दादाचा फोन आला. हर्नियाचं ऑपरेशन मंगळवारी झालं, आणि घरी सोडल्यावर आता कळवतोय. घाबरण्यासारखं काही नाही. पण घरात एकटाच आहे. आईचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

तू जा, असं मी म्हणणार नाही. दिवाळीत घराच्या विषयावरून जे झालं, ते तुम्हा दोघांचं.

तरी सकाळी तुमच्या शाळेचा ॲटलास काढला आणि लंडन-बर्लिनवर फूटपट्टी ठेवली. चार सेंटिमीटरही भरत नाही. सरळ रेषेत साधारण ९३० किलोमीटर, विमानाला जेमतेम दोन तास. मुंबई-नागपूर रेल्वेने ८३७ किलोमीटर आणि आपण त्यासाठी अख्खी रात्र गाडीत काढायचो. तिकिटावर आठला सुटून अकराच्या सुमारास पोचायची वेळ दिसेल, पण ते तीन तास धरू नकोस. बर्लिनचं घड्याळ एक तास पुढे आहे. परतताना उलट, घड्याळात तासाभरातच लंडन. वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो, त्यामुळे जाताना काही मिनिटं कमीच लागतात. विमानतळावरचे दोन-तीन तास आणि गावात जायचा वेळ धरला तरी दुपारपर्यंत तू त्याच्या दारात असशील. विमान नको असेल तर समुद्राखालच्या बोगद्यातून ब्रसेल्स, तिथून कोलोन आणि मग बर्लिन. दिवस जातो, पण जाता येतं. तुझा शेंगेन व्हिसा मार्चपर्यंत आहे ना?

बघ, मी परत तिथेच आलो. चौतीस वर्षं वेळापत्रकं सांभाळली, दुसरं काही सुचत नाही.

माणसाने मोठ्या भावाचं मन राखावं. एका वाक्याचा राग सहा-सहा महिने धरू नये. शिकलेल्या माणसांनी तर... जाऊ दे. तुला शिकवायला बसलो, चुकलं माझं. तूही एकटीने तिथे नोकरी मिळवलीस, घर मांडलंस, आमच्याकडून एक रुपया घेतला नाहीस. हे मी तोंडावर कधी बोललो नाही, पण गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय.

तुला विदर्भ एक्सप्रेस आठवते का? तू पाच वर्षांची, अंगात ताप, सारखं पाणी मागत होतीस. भुसावळला मी उठायच्या आत दादा खाली उतरला. गाडी हलली तेव्हा तू खिडकीच्या गजांना धरून ओरडत होतीस, 'दादा राहिला!' तो पुढच्या डब्यात चढला होता. पाण्याची बाटली छातीशी धरून आला, तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. नागपूरला तसाच उतरला. तू ती रात्र झोपलीस ती त्याच्या मांडीवर.

आमची सत्तरी आली. आम्हाला तिथे यायचं म्हणजे व्हिसापासून सुरुवात, आणि आईच्या गुडघ्यांचं तुला ठाऊक आहे. जवळ आहेस ती तूच. या शनिवारी नाही जमलं तर पुढच्या.

त्याला अजून वाकता येत नाही, जड उचलायचं नाही. कुकर खालच्या कपाटात आहे म्हणून चार दिवस ब्रेडवर काढलेत. मुगाची खिचडी करून दे, तूप बेताचं. घराची एक किल्ली त्याने खालच्या मजल्यावरच्या आजींकडे ठेवली आहे.

तुझे,
बाबा