गरीची स्पर्धा आणि काकाजींची शिकवण : एक जाहीर आभारपत्र

आदरणीय काकाजी,

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारीतल्या गरीने, म्हणजे गळाने, मासे पकडण्याच्या स्पर्धेत मामा तलावाच्या (मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावाच्या) पाळीवर पाच तास गऱ्या पडल्या आणि दुसऱ्या दिवशी एकही मासा उलटा तरंगताना दिसला नाही. आभार मानायचे ते मुख्यतः याचे. पकडायला पुष्कळांना येतं, जिवंत परत सोडायला फार थोड्यांना.

नियमांचा आमचा कागद इंग्लंडातल्या तळ्यांवरच्या कार्प स्पर्धांवरून उतरवलेला होता. तिकडे पकडलेला मासा पाण्यात सोडलेल्या लांब जाळीत ठेवतात आणि वेळ संपली की एकदाच वजन करतात. तुम्ही कागद वाचला आणि म्हणालात, "हे थंड्या पान्याचं हाय, आपल्या पान्याचं नाही." हिशोब तोच निघतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांच्या पाण्यात साडेसात. गाळाने उथळ झालेल्या तलावाच्या काठावर, दुपारच्या उन्हात, एका जाळीत कोंबलेल्या दहा रोहूंच्या वाट्याला तेवढाही येत नाही. म्हणून दर चार जागांमागे एक पंच, प्रत्येक मासा लगेच तोलायचा, वहीत लिहायचा आणि सोडायचा. माणसं जास्त लागतात, पण दुसरा मार्ग नाही.

सुरुवात पहाटे सहाऐवजी आठला ठेवायला लावलीत, तेही याच कारणाने. रात्रभर शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू घेतच राहतात, त्यामुळे सूर्योदयाच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. त्या वेळी मासे वर येऊन तोंड काढत असतील, तर त्या दिवशी गरी टाकायचीच नाही. शिवाय थंडी पुरती गेलेली नसते, पाणी जरा तापल्याशिवाय आपल्याकडचा मासा नीट चरत नाही.

चाऱ्याबद्दल तर तुमचे स्वतंत्र आभार. भाताचा कोंडा दोन भाग, शेंगदाण्याची ढेप, म्हणजे पेंड, एक भाग आणि मूठभर भाजलेलं लाखोळीच्या डाळीचं पीठ. ढेप रात्री भिजवायची, कोंडा सकाळी कोरडाच मिसळायचा. मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाशी चरतात, त्यांच्यासाठी या मिश्रणात तलावाचाच गाळ घालून गोळा जड करायचा. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात खातो, त्यासाठी गाळ नको. सैल गोळा पाण्यावर आपटून फुटला पाहिजे आणि कोंड्याचा ढग हळूहळू खाली उतरला पाहिजे. सुरुवातीला संत्र्याएवढे पाच-सहा गोळे, मग दर दहा-पंधरा मिनिटांनी लिंबाएवढा एक. हौशी माणूस चुकतो तो इथेच: पहिल्या तासातच अर्धी बादली रिकामी करतो. मग मासे जमतात, पोटभर खातात, दोऱ्याला अंग घासतात आणि तरंगी, म्हणजे दोऱ्यावरची तरंगणारी खूण, नुसती हलत राहते. तो झटका मारतो, आकडी पोटात नाहीतर पराला रुतते. असा मासा आपण मोजला नाही, ते बरं झालं.

ढेपेवरून एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी. स्वस्त मिळते म्हणून मोहाच्या टोळीची, म्हणजे बियांची, ढेप कुणी चाऱ्यात घालू नये. तिच्यातल्या सॅपोनिनने माशाच्या रक्तपेशी फुटतात. मत्स्यशेतीत तळं नको असलेल्या माशांपासून मोकळं करायला हीच ढेप हेक्टरी 2000 ते 2500 किलो टाकतात. बादलीभराने तलाव मरणार नाही, पण ज्या पाण्यावर ढिवरांची, म्हणजे मासेमार समाजाची, चूल पेटते, त्यात ती मुळात यावीच कशाला? प्रत्येकाची बादली तुम्ही हुंगून पाहिलीत.

गरीला लावायच्या कणकेत पिंजलेल्या कापसाचे चार धागे मळायचे, हे वऱ्हाडातल्या माणसाला सुचायला हवं होतं. सांगितलंत मात्र तुम्ही, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतले. नुसती कणीक पाण्यात दहा मिनिटांत ढिली होते आणि फेकतानाच निसटते. धाग्यांनी ती आकडीला धरून राहते. गोळी बोराएवढी, आकडीचं टोक किंचित बाहेर. बारीक मासळी कणीक टोचून संपवू लागली, की रात्रभर भिजवून उकडलेला हरभरा लावायचा. तो तिच्या तोंडात मावत नाही.

खोली मोजण्याला तुम्ही दिलेला वेळ तेव्हा जास्त वाटला होता. आकडीला शिशाचा गोळा अडकवून टाकायचा. तरंगी बुडाली तर दोरा कमी आहे, आडवी पडली तर जास्त. टोक जेमतेम पाण्यावर उभं राहिलं की खोली बरोबर, मग मृगळासाठी आणखी चार बोटं सोडायची, म्हणजे चारा तळावर टेकतो. तळावरचा मासा चारा उचलतो तेव्हा दोऱ्यावरच्या शिशाचा भार सुटतो आणि तरंगी बुडण्याऐवजी वर उठते, आडवी होते. बुडण्याची वाट पाहणाऱ्याचा मासा तोवर गेलेला असतो. ज्वारीच्या धांड्याची तरंगी मेण न लावता वापरली तर पाणी पिऊन जड होते आणि हे उठणं दिसतच नाही.

बुडबुड्यांचंही तसंच. एकाच जागी थांबून थांबून मोठा बुडबुडा आला तर तो गाळातला वायू. बारीक बुडबुड्यांचा पुंजका पुढे सरकत असेल, तर खाली सायप्रिनस गाळ उकरतो आहे.

शिंगाड्याच्या वेलांजवळची जागा चिठ्ठीत निघाली की लोक खूश होतात. मासा तिथे असतोच, पण अडकला की सरळ वेलांत शिरतो. त्या वेळी छडी उंच धरून ओढायची नाही. ती पाण्यालगत आडवी करून वेलांच्या उलट दिशेला ताण ठेवायचा. 0.25 मिलिमीटरचा दोरा मोठ्या कटल्यापुढे तुटतो तो बहुधा गाठीपाशी, कारण गाठ कोरडीच आवळलेली असते. थुंकी लावून आवळली तर दोरा भाजत नाही.

आकडीचा उलटा काटा पकडीने दाबून टाकायचा, हात ओले करायचे, मासा ओल्या पोत्यावर आडवा ठेवायचा, कल्ल्यात बोट घालायचं नाही. अंगावरची बुळबुळ निघाली की तिथे कापसासारखी पांढरी बुरशी धरते. सोडताना डोकं पुढे ठेवून दोन्ही हातांत सरळ धरायचं आणि तो स्वतः निघेपर्यंत थांबायचं. आमच्या नियमांत "सोडावा" एवढंच लिहिलं होतं. पुढच्या खेपेला हे सगळं लिहू.

तुमची दांड्याची जाळी धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवली आहे, म्हणजे या तलावातल्या माशांच्या उवा तुमच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, जायला नकोत. तळाचे दोन डोळे फाटलेत. दोरा आणून ठेवला आहे, पण गाठ तुमच्यासारखी बसत नाही, म्हणून शिवायची तशीच ठेवली.

आपले कृतज्ञ,
गरी स्पर्धेची मंडळी