तक्रार: मधलं भोक मध्यात नसलेली एलपी परत घेण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडच्या 'क्युरिअस रुमिनंट' या एलपीतला दोष आणि ती परत घेण्यास मिळालेला नकार

महोदय / महोदया,

२१ जून २०२५ रोजी मी आपल्याकडून वरील एलपी, म्हणजे विनाइल प्लास्टिकची मोठी रेकॉर्ड, मागवली. किंमत ३,८९९ रुपये, पैसे आगाऊ भरले. २८ जूनला पार्सल कुपवाडला पोचलं. पॅकिंगबद्दल माझी तक्रार नाही. खोका कुठे चेपला नव्हता, कव्हर कोरं करकरीत होतं. तक्रार आहे ती रेकॉर्डच्या मधल्या भोकाची. ते मध्यात नाही.

हेच वाक्य मी ३० जूनच्या पहिल्या मेलमध्ये लिहिलं होतं. नऊ दिवसांनी आपलं उत्तर आलं की विनाइलवर थोडी खरखर येणं स्वाभाविक आहे, रेकॉर्ड मऊ ब्रशने पुसून पाहावी. खरखरीबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. पुन्हा कळवलं, तेव्हा उत्तर आलं की सील फोडलेला माल परत घेता येत नाही आणि हाताळताना नुकसान झालेलं असू शकतं. म्हणून आता सगळं सविस्तर लिहितो. कृपया शेवटपर्यंत वाचावं.

माझं कुपवाड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरवरच्या पेरणी यंत्रांचे सुटे भाग आम्ही करतो. लेथच्या चकमध्ये पकडलेला जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, सेंटरला नसला की तो कसा आउट फिरतो, हे मी तीस वर्षं रोज बघतोय. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. भोक बाजूला सरकलेलं असेल तर सुईखालची खाच अर्धा फेरा जोरात आणि अर्धा फेरा हळू पळते, आणि सूर दर १.८ सेकंदांनी चढतो नि उतरतो. माझ्या रेकॉर्डवर नेमकं हेच होतं. टर्नटेबलसमोर बसून मी हेडशेलला, म्हणजे दांड्याच्या टोकाला सुई बसवलेली असते त्या भागाला, लागून स्टीलची पट्टी उभी धरली. प्रत्येक फेऱ्याला हेडशेल डावीउजवीकडे मिळून २ मिलिमीटर झुलतं. म्हणजे भोक १ मिलिमीटर बाजूला पडलं आहे. त्याचा व्हिडिओ दोन्ही मेलना जोडला होता, याही पत्राला जोडतो आहे. पट्टीवरचे आकडे त्यात स्पष्ट दिसतात.

एक मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटेल. रेकॉर्ड सुरू होते तेव्हा सुई मध्यापासून साडेचौदा सेंटिमीटरवर असते, तिथे वेगातला फरक पाऊण टक्क्याच्याही आत राहतो. पण सुई आत आत सरकत शेवटी सहा सेंटिमीटरवर येते, तेव्हा तोच फरक वरच्या बाजूला दीड टक्क्याहून जास्त आणि खालच्या बाजूलाही तेवढाच होतो. दोन्ही मिळून शुद्ध आणि कोमल स्वरांतल्या अंतराच्या जवळजवळ निम्मा. या अल्बममधलं सोळा मिनिटांहून लांब गाणं दुसऱ्या बाजूला शेवटाकडेच येतं. त्यात बँडचे गायक आणि बासरीवादक इयन अँडरसन बासरीचा सूर लांबवतात आणि तो सूर माझ्या घरी पाळण्यासारखा हलतो. आम्ही मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला रात्र रात्र जागून गाणं ऐकलेली माणसं. हललेला सूर आमच्याकडे लहान पोरालाही कळतो. माझ्या मुलीने दुसऱ्या खोलीतून विचारलं, "बाबा, मशीन बिघडलंय का?"

मशीन बिघडलेलं नाही. त्याच टर्नटेबलवर वडिलांच्या वेळच्या नाट्यगीतांच्या एलपी सरळ वाजतात, हेडशेल जागचं हलत नाही. हेच गाणं मोबाइलवरही ऐकलं, सूर स्वच्छ आहे. त्यामुळे बँडच्या कामाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.

या बँडबद्दल थोडं लिहितो, म्हणजे मी एका रेकॉर्डसाठी एवढा का भांडतोय ते कळेल. १९६७ साली सुरू झालेला हा बँड. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांनी इंग्लंडच्या खेड्यातलं, शेतातलं, घोड्यांचं जग रॉकमध्ये आणलं. बँडला नाव मिळालं ते अठराव्या शतकातल्या एका इंग्रज शेतकऱ्याचं. घोड्यामागे चालणारं बी पेरणीचं यंत्र त्याने केलं होतं. आपल्याकडे पाभरीच्या चाड्यावर मूठ धरून पेरणी करत पिढ्या गेल्या. आमच्या घरची पाभर मी अजून वर्कशॉपमध्ये भिंतीला टेकवून ठेवली आहे. कॉलेजच्या होस्टेलवर मित्राच्या कॅसेटवर हा बँड पहिल्यांदा ऐकला आणि नावाचा अर्थ कळला, त्या दिवसापासून तो मला घरचा वाटत आला. अँडरसन यांचा जन्म १९४७चा. या वयात त्यांनी ७ मार्च २०२५ रोजी नवा अल्बम आणला. त्याच्या नावात रवंथ करणारं जनावर आहे. तो मला सुईखाली, मोठं कव्हर हातात धरून ऐकायचा होता. नुसता ऐकायचाच असता तर मोबाइल होताच.

आता आपल्या दोन कारणांबद्दल. भोक रेकॉर्ड तयार होताना पडतं. कुरियरने आदळली तर रेकॉर्ड तडकेल, उन्हात राहिली तर वाकेल, मी निष्काळजी असेन तर चरे पडतील. पण भोक १ मिलिमीटर सरकवणं कुणाच्याही हाताळणीने शक्य नाही. माझ्या भोकाची कड सगळीकडून अखंड आहे, फोटो बघावा. आणि दोष कळतो तो वाजवल्यावरच. सील न फोडता रेकॉर्ड कशी वाजवावी, हे आपणच सांगावं.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रार ४८ तासांत नोंदवून घेणं आणि एका महिन्यात तिचं निवारण करणं आपल्यावर बंधनकारक आहे. ३० जूनपासून तो महिना होऊन गेला आहे. पुढे मला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, तेही राहत्या जिल्ह्यातच आणि एवढ्या रकमेला शुल्क न भरता. तिथे जाण्याची मला हौस नाही. पण हे पत्र पोचल्यापासून पंधरा दिवसांत काही झालं नाही तर जाईन.

मला याच अल्बमची दुसरी एलपी पाठवावी. पाठवण्याआधी आपल्याकडच्या कुणीतरी एकाने ती वाजवून सुई एक मिनिट समोरून पाहावी. सुई डावीउजवीकडे झुलत नसेल तरच रेकॉर्ड पाठवावी. असलेल्या मालात सरळ रेकॉर्ड नसेल तर ३,८९९ रुपये परत करावेत आणि ही रेकॉर्ड आपल्या खर्चाने न्यावी. याच खेपेतल्या रेकॉर्ड आणखी कुणाला गेल्या असतील तर त्यांनाही विचारावं. सगळ्यांकडे पट्टी धरून मोजणारा माणूस नसतो. काहीजण आपलंच मशीन खराब आहे असं समजून गप्प बसले असतील.

कानस लावून भोक मोठं करायचं आणि रेकॉर्ड हाताने मध्यावर बसवायची, हा उपाय मला माहीत आहे. माझ्याकडे हत्यारंही आहेत, दहा मिनिटांचं काम आहे. मी ते केलेलं नाही आणि करणार नाही. रेकॉर्ड जशी आली तशी कव्हरमध्ये उभी ठेवली आहे.

आपला,
एक ग्राहक
कुपवाड, जि. सांगली

सोबत : बिलाची प्रत, भोकाचे चार फोटो, हेडशेलचा व्हिडिओ, आपली दोन्ही उत्तरं