ट्रक उभा राहू दे

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

काल फोन आधी तू ठेवलास की मी, यावर तुझ्या आईचं आणि माझं अजून एकमत नाही. ती म्हणते, पोरगी दिवसभर गुजरातेत दहेजच्या उन्हात माल तपासत उभी असते, तिला तुमची तोंडी परीक्षा नको. म्हणून या पत्रात टीसीचा, म्हणजे मालाच्या टेस्ट सर्टिफिकेटचा, विषय काढायचा नाही असं ठरवलंय. सोबत मेतकूट आहे. नानांचं तसंच चाललंय.

पण एवढं सांग, "टीसी आलंय, ट्रक रिकामा करायचाय" म्हणालीस, तेव्हा त्या एल्बोंवर (पाइपच्या वळणाचे तुकडे) ठोकलेले हीट नंबर, म्हणजे पोलाद कुठल्या ओतातलं ते सांगणारे आकडे, कोणी वाचले होते? कागद बहुतेक वेळा खरा असतो गं. तो याच मालाचा आहे का, हे बघायला तर आपल्याला तिथे उभं केलेलं असतं. ३.१ प्रकारचं सर्टिफिकेट म्हणजे बनवणाऱ्याच्याच तपासनिसाची सही, आणि तो उत्पादन खात्याच्या हाताखालचा नको. व्यापाऱ्याने लेटरहेडवर पुन्हा टाइप केलेले आकडे म्हणजे टीसी नव्हे. स्टीमची लाइन असेल तर आयबीआरचे, म्हणजे बॉयलरच्या सरकारी नियमांचे, फॉर्म वेगळे, पाइपला ३-ए, फिटिंगला ३-सी. स्टेनलेसवर ३१६एल हा ग्रेड लिहिलाय म्हणून पुढे जाऊ नकोस, मॉलिब्डेनम २ ते ३ टक्के आहे का बघ. आणि पीएमआयची, म्हणजे धातू ओळखायची, एक्स-रे गन मॉली दाखवते, कार्बन दाखवत नाही. म्हणजे त्यातला 'एल', कमी कार्बनचा, तुला कागदावरूनच पटवून घ्यावा लागतो.

लागलो शिकवायला. तुला हे सगळं येतं, माझ्याहून चांगलं येतं. राग मानू नकोस.

लहानपणी लोखंडावर आकडे ठोकायच्या माझ्या नंबर-पंचची डबी उपडी करून बसायचीस आणि विचारायचीस, "बाबा, ९ कुठाय?" नऊ वेगळा नसतोच, ६ उलटा धरायचा. वर प्रायमर बसला की कुठला सहा नि कुठला नऊ, शोधत बसा.

२६ जुलैच्या पुरात मी रुळांवरून चालत घरी आलो, ते तुला आठवणार नाही. दोनच दिवसांनी, २८ जुलै २००५ ला, टेक्सास सिटीला बीपीच्या रिफायनरीत आग लागली. दुरुस्तीसाठी तीन एल्बो काढले होते, परत लावताना अदलाबदल झाली. दिसायला तिन्ही सारखे, पण एक साध्या कार्बन स्टीलचा, दोन क्रोम-मॉलीच्या मिश्र पोलादाचे. साधा एल्बो गेला क्रोम-मॉलीच्या जागी. गरम हायड्रोजनने तो आतून पोखरला आणि काही महिन्यांत फुटला. ३ कोटी डॉलरचं नुकसान. जीव कोणाचा गेला नाही, हे नशीब. ते अमेरिकन केमिकल सेफ्टी बोर्डाचं बुलेटिन मी स्टोअर्सच्या भिंतीवर चिकटवलं होतं. सगळे हसायचे.

परवा कट्ट्यावर फुशारकी मारली, आमची मनू ट्रक अडवते. जोशीकाका म्हणाले, बापावर गेलीय. मग काल रात्री तुझा फोन.

प्रोजेक्टवाले ओरडतील, ओरडू देत. ट्रक उभा राहू दे. माल उतरवावाच लागला, तर लाल टॅग लावून वेगळ्या रॅकवर ठेव, आणि नंबर जुळेपर्यंत एमआयआरवर, माल तपासून घेतल्याच्या अहवालावर, सही करू नकोस. खाली नाव तुझं असतं, व्हेंडरचं नाही. मला भीती वाटते ती एवढीच. काल आवाज चढवला, तेवढं चुकलंच.

तुझा,
बाबा

ता. क. एल्बोंचं काय केलंस ते आईच्या फोनवर कळव. मी विचारणार नाही.